पोटगीचा ताळेबंद

आमच्या शाखेत दिवसातून निदान एकदा सर्व्हर झोपतो. पूर्वी बँकेत कारकून झोपत असत अशी जनतेची समजूत होती. ते खाते आता संगणकाकडे वर्ग झाल्यामुळे त्या वेळात आम्हा कारकुनांना जागे राहून काहीतरी करावे लागते. समोर गिऱ्हाइकांची रांग आमचा मनातल्या मनात उद्धार करीत उभी असते, शिपाई मामा चहाची किटली घेऊन येतात आणि आम्ही वर्तमानपत्रातल्या खटल्यांचा फेरनिकाल लावायला बसतो. सर्वोच्च न्यायालयाच्याही वर एक न्यायालय आहे आणि ते आमच्या कॅश काउंटरच्या मागे भरते, याची फार थोड्या वकिलांना कल्पना असेल.

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या या न्यायालयापुढे एकाच महिन्यात दोन प्रकरणे आली. पहिल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका गृहस्थाला, बायकोला कायमची पोटगी म्हणून एकरकमी पाच कोटी रुपये द्यायला सांगितले होते. दोघे एकत्र राहिले पाच-सहा वर्षे आणि वेगळे राहिले वीस वर्षे. दुसऱ्या प्रकरणातले गृहस्थ अमेरिकेत व्यवसाय करणारे. त्यांच्या पहिल्या बायकोला म्हणे पाचशे कोटी मिळाले होते, म्हणून दुसरीने तीच मापे लावून मागणी केली. संसार मात्र काही महिन्यांचा. न्यायालयाने तिला बारा कोटी दिले आणि वर सुनावले की पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती समसमान करण्याचे साधन नव्हे; उद्या नवऱ्याचे दिवाळे निघाले तर ते समसमान वाटून घ्यायला बायको येणार आहे का?

आमचे हेड कॅशियर पाच कोटींवरच अडकले होते. "पाचशेच्या नोटांची हजार बंडलं!" ते म्हणाले. त्यांना कुठलीही रक्कम बंडलांतच दिसते. "मोजायलाच दोन दिवस जातील."

"आणि वीस वर्षं वाट बघायला किती दिवस जातात?" कर्ज विभागातल्या बाईंनी विचारले. या बाई फारशा बोलत नाहीत, पण बोलल्या की आमच्यापैकी कुणाची तरी फाइल बंद होते.

मग मी बोललो. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे पैशाविषयी बोलण्याचा मला जन्मसिद्ध नसला तरी विद्यापीठसिद्ध हक्क आहे. मी म्हणालो, "ते काही नाही. नातं संपलं की हिशेब संपला. ज्याच्या तोंडाकडे बघायचं नाही त्याच्या खिशाकडे तरी का बघावं? स्वाभिमान म्हणून काही चीज आहे की नाही? आमच्या घरातलंच उदाहरण आहे. आम्ही एक दमडी घेतली नव्हती!"

सगळे माझ्याकडे आदराने बघू लागले. तेवढ्यात मामा किटली खाली ठेवत म्हणाले, "साहेब, स्वाभिमानावर आपली बँक कर्ज देते का हो?"

सर्व्हर उठला. न्यायालय उठले. पण मामांचा प्रश्न काही उठेना. तो दिवसभर माझ्या टेबलावर बसून राहिला.

माझ्या मते घोळ मुळात शब्दातच आहे. इंग्रजीत ज्याला ॲलिमनी म्हणतात त्याचे मूळही लॅटिनमधल्या पोसण्याच्या क्रियापदातच आहे, पण इंग्रजी बोलताना पोट दिसत नाही. मराठीने आडपडदाच ठेवलेला नाही. पोटगी! शब्द ऐकला की डोळ्यांपुढे ताट येते. दोन भाकऱ्या, पिठले, कांदा, आणि लग्नाला बरीच वर्षे झाली असतील तर कडेला लोणचे. त्यामुळे पाच कोटी म्हटले की आपले मन ताबडतोब पाच कोटींना भाकरीने भागते आणि उद्गारते, "एवढं खाणार कोण?" श्रीमंताच्या घरातून निघालेल्या बाईला शोभा येईल अशी रक्कम मिळाली की आपल्याला ती अपचनाची केस वाटते. पण याच न्यायाने त्या गृहस्थाकडे जे पाचपंचवीस कोटी मागे उरले, ते तो काय पोळीबरोबर खाणार आहे? हे कुणी विचारत नाही. त्याच्या पैशाला आपण संपत्ती म्हणतो. तिच्याकडे गेला की त्याच पैशाला पोट फुटते.

हा विचार त्या दिवशी मला सुचलेला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवशी मी घरी गेलो तो स्वाभिमानावरच.

घरी ही मटार सोलत होती. मी दोन्ही खटले सांगितले आणि त्यावरचा माझा निकालही वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरं. आपलं झालं तर मला काय मिळेल?"

बावीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे म्हणजे गवयाला 'एक चीज होऊन जाऊ द्या' म्हणण्यासारखे आहे. मी लगेच एका जुन्या व्हाउचरच्या पाठीवर ताळेबंद मांडला. जिंदगी: दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातला एक सप्तमांश बँकेचा. स्कूटर, घसारा वजा जाता शून्य. भविष्य निर्वाह निधी. एक मुलगा, ही जिंदगी की देणे याबद्दल लेखापरीक्षकांत मतभेद. बाकी काढली आणि न्यायालयाच्या पद्धतीने तिच्यापुढे ठेवली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के ही पोटगीची रास्त रक्कम मानली होती, तेही मी उदारपणे जमेस धरले.

तिने व्हाउचर हातात घेतले, वरपासून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "यात मी कुठे आहे?"

"म्हणजे?"

"माझी एंट्री कुठे आहे?"

मी पुन्हा पाहिले. फ्रिज होता. फ्रिजवरचा स्टॅबिलायझर होता. तिची एंट्री खरोखरच नव्हती.

"सरकारने २०१९ साली मोजणी केली होती," ती म्हणाली. मटार सोलता सोलता बायका कुठले कुठले आकडे लक्षात ठेवतात हे देवच जाणे. "घरकाम करणारी बाई दिवसाला दोनशे नव्व्याण्णव मिनिटं घरात राबते, बिनपगारी. आणि पुरुष सत्त्याण्णव मिनिटं."

दोनशे नव्व्याण्णव मी निमूटपणे मान्य केली. ती सत्त्याण्णव मिनिटे कुठल्या पुरुषांनी केली, एवढेच मला आजतागायत कळलेले नाही. माझी मिनिटे त्यात असतील तर ती मटारच्या ताटाजवळ बसून व्हाउचर लिहिण्याची असावीत.

आता कायद्याचे थोडे सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी सर्व्हर झोपल्यावर ते सांगण्याची पाळी माझ्यावर आली. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या पंचविसाव्या कलमात कायमच्या पोटगीची सोय आहे आणि गंमत अशी की ती फक्त बायकोसाठी नाही. नवऱ्यालाही बायकोकडे मागता येते. हे ऐकताच आमच्या क्लिअरिंग विभागातले एक मित्र खुर्चीत सरळ बसले. त्यांची पत्नी दुसऱ्या बँकेत मोठी अधिकारी आहे. त्यांनी ही माहिती घरी नुसती बोलून दाखवली, निव्वळ सामान्य ज्ञान म्हणून. पुढचे तीन दिवस ते आमच्या डब्यांत जेवत होते.

तर हा कायदा वापरायचा म्हणजे उत्पन्न सांगावे लागते, आणि तिथेच पुरुषाच्या प्रतिभेला बहर येतो. प्रत्येक पुरुषाला तीन पगार असतात, हे मला बँकेच्या नोकरीत कळले. पहिला लग्न जमवताना सांगायचा. हा वार्षिक असतो, त्यात ओव्हरटाइम, बोनस, शेतीचे उत्पन्न आणि काकांच्या बंगल्यातला संभाव्य हिस्सा धरलेला असतो. दुसरा कर्जाच्या अर्जावर लिहायचा. तो लग्नातल्या पगारापेक्षाही थोडा उंच असतो, कारण मुलीचा बाप फार तर चौकशी करतो, बँक हप्ता ठरवते. आणि तिसरा पगार पोटगीच्या कोर्टात सांगायचा. तो ऐकून न्यायाधीशांना वाटावे की याला आपणच काहीतरी दिले पाहिजे. लग्नाच्या पत्रिकेत 'उद्योगपती' छापलेला माणूस कोर्टात 'भावाच्या दुकानी मदत करतो' एवढाच उरतो. मोटार वडिलांची, फ्लॅट आईचा, हातातले घड्याळ मेव्हण्याचे. या कलेला आळा घालायला सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले की दोन्ही बाजूंनी आपली सगळी मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची. म्हणजे आमच्या केवायसीसारखेच. केवायसी करून माणूस किती कळतो हे मला विचारू नका.

रकमांचा इतिहासही मोठा मौजेचा आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात स्त्रीधनाचे दोन भाग सांगितले आहेत, अंगावरचे दागिने आणि निर्वाहाची ठेव. दागिन्यांना मर्यादा नाही, ठेवीला मात्र दोन हजार पणांची. त्यानंतर दोनेक हजार वर्षे गेली आणि मुंबईत रखमाबाईंचा खटला झाला. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचे साफ नाकारले, तुरुंगात जायची तयारी दाखवली, आणि शेवटी १८८८ साली तडजोड झाली ती दोन हजार रुपयांवर. पुन्हा दोन हजारच! फरक एवढाच की हे पैसे रखमाबाईंना मिळाले नाहीत, नवऱ्याला मिळाले. पोटगीचा ओघ आपल्याकडे उलटाही वाहिलेला आहे. बाई पुढे विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. दोन हजारांत सुटका स्वस्तच पडली म्हणायची.

आणि शाहबानो. इंदूरच्या नामांकित वकिलाची बायको. १९३२ साली लग्न, १९७५ साली घराबाहेर, १९७८ साली तलाक. नवऱ्याचे उत्पन्न वर्षाला साठ हजार असल्याचे तिचे म्हणणे होते. मॅजिस्ट्रेटने पोटगी ठरवली महिना पंचवीस रुपये. उच्च न्यायालयाने ती वाढवून एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे केली आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यावरून पुढे देशभर केवढे रण माजले ते सर्वांना ठाऊक आहे. मी हिशेबी माणूस, माझी नजर त्या वीस पैशांवरच खिळते. त्रेचाळीस वर्षांच्या संसाराचा हिशेब कुणीतरी पैशापर्यंत बरोबर काढला होता! त्या काळी फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली महिना पाचशेच्या वर पोटगी देताच येत नसे. नवरा हमाल असो की गिरणीमालक, पाचशे. ही मर्यादा उठली २००१ साली.

आमच्या काउंटरवर एक बाई दर महिन्याच्या दहा तारखेच्या सुमारास येतात. कोर्टाने ठरवलेले तीन हजार त्यांच्या खात्यात जमा व्हायचे असतात. त्या पैसे काढायला येत नाहीत. पासबुक पुढे करतात आणि विचारतात, "नोंद आली का?" नोंद नसली तरी मशीन आवाज करते, पान सरकवते आणि कोरेच परत देते. अशा वेळी मी उगाच म्हणतो, "सर्व्हर जरा स्लो आहे, उद्या बघा." सर्व्हरवर खोटा आळ घेतल्याची ही एवढीच उदाहरणे माझ्या नोकरीत आहेत. त्या बाईंना पाच कोटींची बातमी सांगायचे धाडस मला झाले नाही.

तर इथपर्यंत मी आपला गरिबांची पोटगी वेगळी आणि श्रीमंतांची वेगळी, पहिली गरज आणि दुसरी चैन, अशी वाटणी करून सुखात होतो. त्यात २०२५ साली आणखी एक खटला गाजला. दीड वर्षाचा संसार, आणि मागणी मुंबईत फ्लॅट, बारा कोटी आणि एक बीएमडब्ल्यू. इतक्या शिकलेल्या बाईने स्वतः कमवावे, असे सरन्यायाधीशांनी सुनावले आणि शेवटी फ्लॅटवर मिटले. हे वाचून माझ्या स्वाभिमानाला पुन्हा तरतरी आली. दीड वर्ष म्हणजे अठरा महिने. आमच्याकडे अठरा महिन्यांच्या ठेवीवर कुणी मोटार मागितली तर आम्ही मॅनेजरला बोलावतो. हे माझे मत अजूनही तसेच आहे.

पण आमच्या शाखेत एक प्रोबेशनरी ऑफिसर आहे. हा पोरगा राहतो अमेरिकेत, शरीराने तेवढा सांगलीत असतो. चहाच्या वेळी तो म्हणाला, "काका, ॲमेझॉनवाल्या बेझोसच्या बायकोचं काय मग? २०१९ साली डिव्होर्स झाला, तिला कंपनीचे चार टक्के शेअर मिळाले. पस्तीस अब्ज डॉलरच्या वर!"

हेड कॅशियरांनी बंडले करण्याचा प्रयत्न सोडून दिला आणि चहाचा पेला खाली ठेवला.

"बघा!" मी म्हणालो. "कंपनी काढली त्याने. हिने काय केलं?"

"१९९४ मध्ये दोघं सिॲटलला गेले ना, तेव्हा गाडी ती चालवत होती. तो शेजारी बसून कंपनीचा प्लॅन टाइप करत होता. आणि सुरुवातीला अकाउंट्स तीच बघायची."

"कोण?"

"बायको. हिशेब तीच लिहायची."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले होते. पुढे त्या पोराने, तिने त्यातले अब्जावधी डॉलर दान करून टाकले वगैरे बरेच सांगितले. मला ऐकू आले नाही. 'हिशेब तीच लिहायची' यापाशीच माझा सर्व्हर बंद पडला होता.

आता ते घरातले उदाहरण सांगतो.

माझी ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तीही बी. कॉम. मला डेबिट आणि क्रेडिट तिनेच शिकवले; 'येणाऱ्याला नावे, देणाऱ्याला जमा' हे मी तिच्याकडून अंगणात लंगडी घालत पाठ केले आहे. २००१ साली तिचे लग्न इचलकरंजीला यंत्रमागवाल्यांच्या घरात झाले. मोठी माणसे. लग्नात आमच्या बाजूला दोन भाज्या होत्या आणि त्यांच्या बाजूला दोन आचारी. घरात गेल्यावर महिन्याभरात तिने कापडाच्या आणि सुताच्या वह्या हातात घेतल्या, कारण जुने मुनीमजी वारले होते आणि घरच्या सुनेला पगार द्यावा लागत नाही. २००५ साली व्हॅट आला तेव्हा घरातले सगळे पुरुष देवळात गेले आणि ताईने रात्री जागून वह्या नव्या पद्धतीत बसवल्या. ती आली तेव्हा चोवीस माग होते. ती निघाली तेव्हा शहाण्णव.

निघाली, कारण नवऱ्याने निघण्यासारखे केले. त्याचा तपशील विनोदी लेखात बसत नाही.

२००९ साली संमतीने काडीमोड ठरला आणि त्यांच्या दिवाणखान्यात बैठक बसली. त्यांच्याकडचे एक काका शहाणे होते. त्यांनी पंचवीस लाखांचा चेक लिहून टीपॉयवर ठेवला होता, पेपरवेटखाली. आमच्या बाजूने वडील, निवृत्त मास्तर, आणि मी, वय अठ्ठावीस, बँकेत कायम होऊन चार वर्षे झालेला. वडील म्हणाले, "आम्हाला पैशाची अपेक्षा नाही." तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित कुणीतरी पुन्हा आग्रह केला असता. पण मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, "आमची बहीण आम्हाला जड झालेली नाही! तुमचा एक पैसा आम्हाला नको!" वाक्य इतके झकास झाले होते की मागे फक्त पार्श्वसंगीत नव्हते. काकांनी पेपरवेट उचलून चेक खिशात घातला आणि आनंदाने आम्हा सर्वांना दुसऱ्यांदा चहा सांगितला. पंचवीस लाखांना पडलेला तो चहा. साखर कमी होती.

परतीच्या एसटीत वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ताई खिडकीपाशी बसली होती. ती काही बोलली नाही आणि ती भारावून गेली आहे असे आम्ही दोघांनी ठरवून टाकले.

नोकरी शोधताना तिला विचारत, "अनुभव?" ती म्हणे, "आठ वर्षं." "दाखला?" "घरचाच धंदा होता." "म्हणजे अनुभव नाही." शेवटी एका सीएंच्या ऑफिसात साडेचार हजारांवर लागली, विशीतल्या पोरांच्या शेजारच्या खुर्चीवर. वडील असेपर्यंत वडिलांकडे राहिली, मग आमच्या दोन खोल्यांत. विजेचे अर्धे बिल ती भरत असे, न विचारता. आमचा मुलगा आठवीत गेला तेव्हा तिने गल्लीतच एक भाड्याची खोली घेतली. मुलाला अभ्यासाला जागा हवी असे तिला कुणीही म्हटले नव्हते. ती गेल्याचे मला वाईट वाटले, पण का गेली हे मी ताडले नाही. हिने ताडले होते. हिने मला सांगितले ते मटार सोलण्याच्या त्याच संध्याकाळी, "माझी एंट्री कुठे आहे" च्या लगेच नंतर. मी ते वर लिहिले नाही, कारण तेव्हा विषय बदलून मी टीव्ही लावला होता.

परवा रविवारी ताई सकाळी आली. हातात एका बँकेचा फॉर्म. आमची नव्हे, दुसरीच. एक खोली-स्वयंपाकघराचा जुना फ्लॅट तिने बघितला होता, त्यासाठी अठरा लाखांचे कर्ज हवे होते. ती आता अठ्ठेचाळीस वर्षांची. नोकरी साठीपर्यंत धरली तर मुदत बारा वर्षे. मी सवयीने कॅल्क्युलेटर ओढला. साडेआठ टक्क्यांनी हप्ता महिना वीस हजारांच्या आसपास. तिचा पगार मला माहीत होता. खरा, एकमेव.

आणि मग, अंगवळणी पडलेल्या हाताला थांबवणे जमत नाही म्हणून, मी दुसराही हिशेब केला. पंचवीस लाख, सोळा वर्षे, सात टक्के, चक्रवाढ. आकडा आला त्र्याहत्तर लाख ऐंशी हजारांच्या घरात. मी कॅल्क्युलेटर पालथा घातला. ताईने तो सरळ केला. तिला डेबिट-क्रेडिट माझ्या आधीपासून येते.

"सात टक्के कमी धरलेस," ती म्हणाली. "तेव्हा साडेआठ-नऊ मिळत होते."

"ताई, तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही रे." ती हसली. "आणि तुम्ही दोघं इतकं छान बोलत होतात."

"तू घेतले असतेस?"

"अरे, मी घ्यायला म्हणूनच आले होते त्या दिवशी. हिशेब करून आले होते. आठ वर्षांचा मुनीमाचा पगार, रात्रीचं जागरण जादा. सव्वीस लाख होत होते. काकांनी पंचवीस लिहिले तेव्हा वाटलं, माणूस बरा आहे, एका लाखासाठी ताणायला नको."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. माझ्या अनुभवाने सांगतो, स्वयंपाकघरातला आवाज थांबणे हे आवाज होण्यापेक्षा वाईट असते.

हिने चहा आणला. साखर बरोबर होती. ताईने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "जामीनदार लागतो. कायम नोकरीचा. तुझ्या ऑफिसची परवानगी काढावी लागेल ना?"

"काढतो," मी म्हणालो. "परवानगी लागते ती बँकेची. घरची..."

"घरची दिली," आतून आवाज आला.

मी चष्मा लावून फॉर्म भरला. जामीनदाराचे नाव, वय, पत्ता, अर्जदाराशी नाते, मासिक उत्पन्न. सही केली, खाली तारीख घातली आणि कागद ताईकडे दिला. तिने तो वाचला. वह्या तपासताना ती वाचायची तसा, बोट फिरवत, ओळीओळीने. उत्पन्नाच्या रकान्याशी बोट थांबले.

"हा कुठला पगार लिहिलास?" ती म्हणाली. "तुझ्या लग्नातला ना? खोड आणि खरा लिही. खोडल्याजागी सही कर."